फ्री-फ्लो बसवल्यावर चेक लाइट लागला? कॅटचे पैसे मोजायच्या आधी पाइपाखाली वाका

चोपड्याहून एका भाऊंनी विचारलंय. गाडी २०१८ ची, बाराशे सीसी पेट्रोल, चार सिलिंडर, बीएस-४, ८२ हजार किलोमीटर चाललेली. दोन महिन्यांपूर्वी बाहेरगावी जाऊन मागचा सायलेंसर काढून फ्री-फ्लो, म्हणजे कमी अडथळ्याचा मोकळा सायलेंसर, बसवला. पंधरा दिवसांनी मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागला. मेकॅनिकने स्कॅनर लावला, पी०४२० कोड निघाला. "कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेला, खर्च चाळीस हजारांच्या घरात. नाहीतर पाचशे रुपयांत सेन्सरखाली स्पेसर लावून दिवा घालवून देतो," असं त्याचं म्हणणं. भाऊंचा प्रश्न: कॅट बदलू की स्पेसर लावू? आणि शेवटी जाता जाता एक ओळ: "बाकी गाडी मस्त चालते, फक्त ॲव्हरेज अठरावरून पंधरावर आलंय आणि सकाळी स्टार्ट केल्यावर पाच मिनिटं टिकटिक येते, पण ती नव्या सायलेंसरची असेल."

भाऊ, तूर्तास दोन्ही करू नका. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या शेवटच्या ओळीतच आहे. ती टिकटिक नव्या सायलेंसरची नाही. सायलेंसर घुमतो, फुटफुटतो, गरजतो; टिकटिक करत नाही. थंड इंजिनवर येणारी आणि गरम झाल्यावर जाणारी टिकटिक बहुतेक वेळा पुढे, इंजिनजवळच्या सांध्यातून गॅस फुसफुसत असल्याची असते. लोखंड तापलं की फुगतं, फट बुजते, आवाज बंद. गाडी समोर नसताना शंभर टक्के सांगता येत नाही, पण पैज लावायची तर मी माझी कॅटवर लावणार नाही.

आता हे मागून पुढे कसं पोहोचलं, ते समजून घ्या. तुमच्या प्रकारच्या गाड्यांत कॅट मागे नसतो. तो इंजिनला लागून, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या पाइपांच्या) खालीच बसवलेला असतो, म्हणजे लवकर तापतो. त्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर आणि त्याच्या नंतर दुसरा. मग जाळीचा लवचिक पाइप, मग मधला लांब पाइप, आणि सगळ्यात शेवटी मागच्या बंपरखाली सायलेंसर. फिटरने शेवटचा डबा बदलला. दोन्ही सेन्सर आणि कॅट त्याच्या दोन-अडीच मीटर पुढे. नुसता मागचा डबा बदलून पी०४२० येण्याचं सरळ काही कारणच नाही. एकतर योगायोग, नाहीतर डबा बसवताना पुढे काहीतरी हललं. माझा अनुभव दुसऱ्या बाजूने आहे.

हलतं असं. सहा-सात वर्षांचे नटबोल्ट गंजून जाम झालेले असतात. फिटर मागचा पाइप सोडवताना दोन्ही हातांनी हिसके मारतो, आणि तो हिसका पाइपातून थेट पुढच्या फ्लँजपर्यंत, म्हणजे बोल्टने जोडलेल्या सांध्यापर्यंत, जातो. नवा डबा जुन्यापेक्षा जड किंवा आखूड असेल तर टांगणीचे रबर नीट जुळत नाहीत. मग एक रबर ताणून लावतात, एक सोडूनच देतात. सगळा पाइप तिरपा लोंबतो आणि त्याचा भार त्या सांध्यातल्या गॅस्केटवर (सीलवर) येतो. त्यात आपले रस्ते. काळ्या मातीतला शिवाररस्ता, पावसाळ्यात पडलेले चर, गावागावातले घरगुती स्पीड ब्रेकर. खाली लोंबणारा पाइप दोन-चार वेळा आपटला की पुढचा सांधा बोलायला लागतो. दिवा लगेच न लागता पंधरा दिवसांनी लागला, तेही याच्याशी जुळतं.

पी०४२० चा अर्थ कंपनीच्या भाषेत एवढाच: पहिल्या बँकेच्या, म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या रांगेच्या, कॅटची कार्यक्षमता मर्यादेखाली दिसते आहे. "दिसते आहे" हा शब्द महत्त्वाचा. कॉम्प्युटर कॅटच्या आत डोकावत नाही. तो दोन सेन्सरांचं ऐकतो. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा असतो आणि सोबत सिरियमचं ऑक्साइड, जे जास्तीचा ऑक्सिजन धरून ठेवतं आणि कमी पडला की सोडतं. म्हणून पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली नाचतं आणि मागच्याचं साधारण ०.६ ते ०.७ वर शांत उभं असतं. मागचा सेन्सर पुढच्यासारखाच नाचायला लागला की कॉम्प्युटर म्हणतो, कॅट काम करत नाही. एकदा दिसलं म्हणून दिवा लावत नाही. लागोपाठ दुसऱ्या फेरीतही तसंच दिसलं तरच लावतो.

आता सांध्यात फट पडली तर काय होतं? आतून गॅस बाहेर येतो हे सगळ्यांना कळतं. बाहेरची हवा आत जाते हे कळत नाही. एक्झॉस्टचा दाब एकसारखा नसतो, ठोक्याठोक्याने येतो. प्रत्येक ठोक्यामागे क्षणभर पाइपात ओढ तयार होते आणि फटीतून बाहेरची हवा आत शिरते. हवा आली म्हणजे ऑक्सिजन आला. पहिल्या सेन्सरला वाटतं, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर त्याचं ऐकून पेट्रोल वाढवतो. पेट्रोल आधी बरोबरच होतं, आता जास्त झालं. तुमचं अठराचं पंधरा तिथे झालं. नुसता कॅट थकला असता तर ॲव्हरेज तीनने पडलं नसतं. म्हणूनही मला कॅटची गोष्ट पटत नाही.

आणि स्पेसरचा धोकाही इथेच आहे. स्पेसर म्हणजे मागचा सेन्सर पाइपातून अर्धा-पाऊण इंच बाहेर ओढून आडोशाला बसवणं. गॅसचा प्रवाह त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, तो शांत दिसतो, दिवा जातो. फट मात्र तशीच. जास्तीचं पेट्रोल आणि फटीतून आलेली हवा दोन्ही कॅटमध्ये जाऊन जळतात, कॅट नको तेवढा तापतो आणि आतली जाळी हळूहळू वितळते. आज कॅट चांगला असेल तर तो तुम्ही पाचशे रुपये देऊन मारून घ्याल. मग चाळीस हजारांचा आकडा खरा ठरेल. मी स्पेसर लावत नाही. गिऱ्हाईक रागावून जातं, जाऊ देतो.

आता तपासणी. माझे उस्ताद शिरपूरकडचे होते, स्कॅनर येण्याच्या आधीच्या पिढीतले. त्यांचं एकच सांगणं असायचं: "पहिले कान लाव, मंग मशीन लाव." आजही मी त्याच क्रमाने जातो.

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी ऊन चढायच्या आत बोनेट उघडून ठेवा आणि दुसऱ्याला स्टार्ट करायला सांगा. आपल्याकडे मे महिन्यात दहा वाजता गाडी नुसती उभी राहूनच तापलेली असते, तेव्हा ही परीक्षा पहाटेच. डिसेंबर-जानेवारीत तर अजून सोपं; धुळ्याला पारा एक आकडी असतो तेव्हा गळका सांधा लपत नाही. कानाशी एक मीटरभर रबरी नळी धरा, दुसरं टोक मॅनिफोल्डच्या सांध्यांजवळ फिरवा. फॅनबेल्टपासून लांब. जिथे टिकटिक कानात टोचल्यासारखी येते तिथे खडूने खूण करा. मग कोणाला तरी सांगून मागच्या नळकांड्याच्या तोंडावर ओली गोणपाटाची घडी दाबून धरायला लावा, जाड हातमोजे घालून, पाच-सात सेकंदच. आत दाब वाढला की बारीक फटही सापासारखी फुसकारते. हे सगळं उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नाही. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

तरी सापडलं नाही तर इंजिन बंद, पाइप थंड, आणि उलट बाजूने हवा. गॅरेजमधला धूळ झाडायचा ब्लोअर नळकांड्यात लावायचा, भोवती कापड गुंडाळून फट बुजवायची, आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारत पुढे जायचं. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच. फ्री-फ्लोच्या वेल्डिंगपाशी बुडबुडे आले तर ते दिव्याचं कारण नसेल, पण वेल्डिंग कसं केलंय ते कळेल. फ्लँजपाशी, जाळीच्या पाइपावर किंवा सेन्सरच्या चुडीपाशी बुडबुडे आले तर चोर सापडला. गाडीखाली जायचं असेल तर खड्डा किंवा रॅम्पच वापरा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, हे मी मुलांना रोज सांगतो आणि रोज कोणीतरी शिरतंच.

इथे माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अशीच एक गाडी आली होती, फ्री-फ्लो बसवलेली, पी०४२० आणि ॲव्हरेजची तक्रार. मी स्कॅनर लावला, मागचा सेन्सर आळशी दिसला, बदलून टाकला. कोड पुसला, गाडी दिली. बाराव्या दिवशी गिऱ्हाईक परत. दिवा पुन्हा. मान खाली घालून मी गाडी खड्ड्यावर घेतली आणि आधी करायला हवं होतं ते तेव्हा केलं: मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं झाकण, ते उष्णता अडवायला असतं ते, उघडलं. दहा नंबरचे बोल्ट, त्यातला एक गंजून तुटला. झाकणाच्या आतल्या बाजूला काळी रेघ होती, कोणी बोटाने काजळ ओढल्यासारखी. तिच्या नेमकी समोर, मॅनिफोल्डचे पाइप एकत्र येतात त्या वळणावर, नखाएवढी चीर. बाहेरून काही दिसत नव्हतं, कारण झाकणाने झाकलं होतं. चीर भरली आणि दिवा गेला. सेन्सरचे पैसे मी परत केले. जुना सेन्सर पुन्हा लावून बघितला तर तोही ठणठणीत होता. तेव्हापासून पत्र्याचं झाकण उघडल्याशिवाय मी कॅटबद्दल तोंड उघडत नाही. काजळी खोटं बोलत नाही. गॅस जिथून निघतो तिथे मिशी उमटतेच.

कान लावून झाले, आता मशीन. पहिली विनंती: कोड पुसू नका. पुसला की त्याच्यासोबत साठवलेली त्या क्षणाची नोंद जाते, म्हणजे दिवा लागला तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, पेट्रोलची दुरुस्ती किती चालू होती. आधी फोनवर फोटो काढून ठेवा. स्कॅनर भारी लागतो असंही नाही. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं ॲप यावर पुढचं सगळं दिसतं.

दोन आकडे बघा: पेट्रोलची तात्पुरती दुरुस्ती आणि कायमची दुरुस्ती. ॲपमध्ये शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम असं लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज करायची. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद. आयडलला (गाडी जागेवर, एक्सिलरेटर न दाबता) एकदा लिहा, मग २५०० आरपीएमवर मिनिटभर धरून पुन्हा लिहा. समजा आयडलला अधिक १४ आणि २५०० वर अधिक ४. म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय. इंजिन जोरात फिरायला लागलं की तेवढ्या हवेचा हिस्सा नगण्य होतो, म्हणून आकडा खाली येतो. उलट आकडा वेगासोबत वाढत असेल तर पाइप सोडा, पेट्रोलचा पंप आणि फिल्टर बघा.

आता यातली खुबी. हवा इनटेकच्या बाजूनेही शिरू शकते, फाटकी व्हॅक्युम नळी वगैरे. फरक कसा ओळखायचा? आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवेचं माप इनटेक मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांचा) दाब मोजून काढतात, एमएपी सेन्सरने. अशा गाडीत इनटेकची नळी फाटली तर दाबाचा आकडा लगेच बदलतो, कॉम्प्युटर स्वतःहून पेट्रोल वाढवून हिशेब जुळवतो आणि आयडल चढतं. ट्रिम फारसं पळत नाही. म्हणून तुमच्या गाडीत एमएपी सेन्सर असेल, आयडल नेहमीचं असेल आणि तरी आयडलचं ट्रिम चढलेलं असेल, तर संशय एक्झॉस्टच्या सांध्यावर जास्त. आत येणारी हवा थेट मोजणारा एअरफ्लो मीटर असलेल्या गाडीत हा नियम चालत नाही, तिथे दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. ट्रिम १४-१५ असूनही मिश्रणाचा वेगळा कोड, पी०१७१, का आला नाही असं विचाराल. बहुतेक गाड्यांत त्याची मर्यादा २० ते २५ च्या आसपास असते, म्हणून आला नाही. आणि अधिक ४-५ बघून घाबरू नका. २०२५ पासून पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, २०१८ ची गाडी त्याला जुळवून घेताना तेवढं ट्रिम दाखवतेच.

मग मागच्या सेन्सरचा ग्राफ. गाडी हायवेवर पंधरा मिनिटं फिरवून आणा, उभी करून २५०० वर धरा आणि दोन्ही सेन्सर एका स्क्रीनवर घ्या. मागचा ०.६-०.७ वर शांत असेल तर कॅट जिवंत आहे, विषय संपला. ०.१ वर चिकटून असेल तर त्याच्या आसपास हवा शिरतेय किंवा सेन्सर मेलाय. कोणतं ते एका झटक्यात कळतं: एक्सिलरेटर जोरात दाबून सोडा. दाबल्यावर ०.८ च्या वर उडाला आणि सोडल्यावर शून्याजवळ पडला तर सेन्सरला नाक आहे, फट शोधा. सगळे सांधे कोरडे, ट्रिम सरळ, तरीही मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करत असेल, तेव्हा आणि तेव्हाच कॅटला नावं ठेवायची. एक सावधगिरी: काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड जातीचा असतो, त्याचं व्होल्टेज असं नाचत नाही. त्याला मेलेला समजून बदलू नका.

स्कॅनरवर विश्वास बसत नसेल तर पीयूसीवाल्याकडे जा. त्याचं मशीन फक्त प्रमाणपत्र छापायला नाही. बीएस-४ पेट्रोल कारला आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम. २५०० च्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) १ च्या तीन शतांश इकडे-तिकडे. कॅट गेलेल्या गाडीला हे आकडे गाठणं अवघड जातं. त्याला म्हणा, ऑक्सिजनचा आकडाही दाखव. कार्बन मोनॉक्साइड कमी, पण ऑक्सिजन दोन-तीन टक्के, म्हणजे पाइपात कुठेतरी बाहेरची हवा मिसळतेय. फक्त नळी नीट आत घालायला सांगा, नाहीतर ती हवा मागच्या तोंडातूनच आलेली असते.

सेन्सरच्या वायरी हा वेगळा विषय, पण फ्री-फ्लोवाल्या गाड्यांत बघायलाच हवा. काम करताना क्लिप निघते, परत लागत नाही, वायर गरम पाइपाला टेकून वितळते. उंदरांचंही नाव घ्यावं लागेल. कपाशीच्या हंगामात शेतावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी मी कितीतरी वेळा कुरतडलेल्या बघितल्यात. त्यात सहसा पी०४२० येत नाही, हीटरचे पी०१३५ किंवा पी०१४१ येतात. तिथे पाइप बघण्यात वेळ घालवू नका, आधी फ्यूज, मग मीटर लावून हीटरच्या दोन सारख्या रंगाच्या वायरी मोजा. थंड सेन्सरला काही ओहम दाखवले पाहिजेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. वायर जोडायची असेल तर सोल्डरचा डाग देऊ नका, क्रिम्प करा, म्हणजे जोडणी दाबून बसवा. बऱ्याच सेन्सरांत तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीतल्या बारीक पोकळीतूनच आत जाते. डाग देऊन, ग्रीस भरून ती वाट बुजली की नवा सेन्सरही चुकीचं बोलतो.

दुरुस्ती तुमच्या बाबतीत बहुधा गॅस्केटची निघेल. नवं गॅस्केट टाका, जुनं पलटून लावू नका. फ्लँजवर पोलादी पट्टी उभी धरून बघा, खालून उजेड दिसला तर फ्लँज वाकलाय, घासून सपाट करावा लागेल. स्प्रिंगवाले दोन बोल्ट असतील तर स्प्रिंग जळून मऊ झालेल्या असतात, त्याही बदला. मग गाडीखालून मागेपर्यंत चालत जा आणि पाइप हाताने हलवा. सगळी रबरं सारखी ताणलेली हवीत, पाइप कुठेही बॉडीला टेकायला नको. हे केलं नाही तर नवं गॅस्केटही तीन महिन्यांत जाईल. वेल्डिंग करावं लागलं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, सेन्सरचे सॉकेट सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या शेजारीच लावा. आणि सांध्यावर साधं सिलिकॉन थापू देऊ नका. त्याची वाफ सेन्सरवर पांढरा थर धरते आणि सेन्सर कायमचा जातो. लावायचीच असेल तर एक्झॉस्टची खास पेस्ट लावा, तीही सेन्सरच्या मागच्या सांध्यांना.

सगळं झाल्यावर कोड पुसा, पण दिवा गेला म्हणून लगेच पेढे वाटू नका. पुसल्यावर कॉम्प्युटर कॅटची परीक्षा नव्याने घेतो आणि ती गावातल्या गल्लीत होत नाही. इंजिन पूर्ण तापलेलं, टाकी पाव ते पाऊण, वेग साठ-सत्तर, पाय स्थिर. मी गाड्या धुळ्याहून पारोळ्याच्या बाजूला हायवेला नेतो, जाऊन परत. ॲपमध्ये कॅटच्या मॉनिटरपुढे "रेडी" आलं आणि कोड आला नाही, की समजायचं काम झालं.

तुमच्यासारखाच प्रश्न ज्यांच्या गाडीत फक्त मागचा डबा नाही तर इंजिनजवळचे पाइप, म्हणजे पुढचा हेडर किंवा डाउनपाइपही बदललाय, त्यांना हे सगळं लागू नाही. तिथे कॅटच काढून टाकलेला असतो आणि पी०४२० खरं बोलत असतो. अशा गाडीत शोधायला काहीच नाही. कॅट परत बसवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली धूर आणि आवाजाच्या नियमभंगाला पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्सला मुकावं लागतं. डोक्यात घुमणाऱ्या फ्री-फ्लोलाही तेच कलम लागतं, हे विसरू नका. आणि बाराशे सीसीच्या इंजिनला मागचा डबा बदलून ताकद मिळते, हे मला अजून कोणी आकड्यात दाखवलेलं नाही. आवाज मिळतो, हे कबूल.

सीएनजी किट असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या पेट्रोलवर करा. डिझेलवाल्यांनी हे उत्तर वाचून पाना हातात घेऊ नये. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि दाबाचे सेन्सर असतात, त्याचं गणित निराळं. आणि कोणत्याही पेट्रोल गाडीत दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर हे काहीच करत बसू नका. तो मिसफायर आहे, न जळलेलं पेट्रोल सरळ कॅटमध्ये जातंय. गाडी बाजूला घ्या आणि प्लग-कॉइल बघितल्याशिवाय पुढे नेऊ नका.

राहता राहिला खर्च. गॅस्केट, स्प्रिंगबोल्ट, दोन रबरं आणि मजुरी धरून हे काम चाळीस हजारांच्या आसपासही फिरकत नाही. चीर निघाली तर मॅनिफोल्ड काढून आर्गॉन वेल्डिंग, त्याला एक दिवस द्या. चोपड्यात खड्डा असलेलं गॅरेज मिळालं तर तिथेच करून घ्या, माझ्यापर्यंत यायची गरज नाही. आयडलचं आणि २५०० चं ट्रिम मात्र लिहून पाठवा, कामाच्या आधीचं आणि नंतरचं.

आणि ज्याने फ्री-फ्लो बसवला त्याच्याकडे फोन करून जुना डबा मागून घ्या. रबराच्या कड्या कुठे होत्या हे त्याच्यावरून मोजता येईल. दिला नाही, किंवा "भंगारात गेला" म्हणाला, तर गाडीखाली जाऊन एकदा खात्री करा की तुमचा कॅट तुमच्याच गाडीत आहे. त्या प्लॅटिनमला भंगारात चांगला भाव येतो.